पाच पेडलांची गाडी

गाडीत पेडलं पाच होती. चालवणाऱ्याच्या पायाशी तीन, आणि शेजारी बसणाऱ्या शिक्षकाच्या पायाशी दोन, एक क्लचचं आणि एक ब्रेकचं. शिक्षकाचं पेडल दाबलं की आतल्या तारेने चालकाचंही पेडल खाली जायचं. आरसे चार, त्यांतला एक फक्त शिक्षकासाठी. लाल 'एल' दोन, एक पुढे आणि एक मागे. गाडीचं वय सतरा वर्षं. शाळेच्या बाकावर बसलेल्या बायका तीन, चौथी मालन वायदंडे, स्टीअरिंगवर. समोरच्या चहाच्या टपरीवर सकाळच्या बॅचचे पुरुष पाच आणि त्यांच्यात गती मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मालक खराडे सर.

मालनताईंनी गाडी फाटकातून बाहेर काढली आणि रस्त्याला लागण्याआधी ब्रेक दाबला. पुढच्या चाकांतून पत्र्यावर खिळा ओढावा तशी किंकाळी निघाली. टपरीवरचे पाचही जण हसले. सर हसले नाहीत. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि मी शिक्षकाच्या सीटवर बसले होते त्या खिडकीशी आले.

"चौगुले, ऐकलंस?"

"ऐकलं, सर."

"दोन महिन्यांपूर्वी नवे पॅड टाकले. सकाळी माझ्या बॅचला ही गाडी गुमान चालते. तुझ्या बायका बसल्या की बोंबलते. का, ते सांगू? भीती पोटात आणि पाय ब्रेकवर. बायका ब्रेक मारत नाहीत, ब्रेकवर उभ्या राहतात."

बोलत होते माझ्याशी, बघत होते मालनताईंकडे. मालनताईंनी हात स्टीअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

दोन हजार बावीसचा जानेवारी होता. मी तेवीस वर्षांची, एमेस्सी फिजिक्स होऊन नोकरीच्या शोधात, आणि तोवर जयसिंगपुरातल्या या शाळेत अकरा ते एकची महिलांची बॅच घेत होते. सरांनी तिथेच, खिडकीत कोपर टेकवून जाहीर केलं की एक फेब्रुवारीपासून महिलांची बॅच बंद. ज्यांना शिकायचंय त्यांनी सकाळी सातला यावं, ते स्वतः शिकवतील.

बाकावरच्या तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांचं अडलं असतंच असं नाही. मालनताईंचं अडत होतं. त्या चौदा वर्षं नगरपरिषदेत झाडूवाल्या. नगरपरिषदेत तीन नव्या घंटागाड्या येणार होत्या आणि चालक आहेत त्याच कामगारांतून घ्यायचे ठरले होते. लायसन पंधरा फेब्रुवारीपर्यंत जमा करायचं होतं. त्यांची चाचणी आठ तारखेच्या आरटीओ कॅम्पला होती, तीही याच गाडीवर. सकाळी सहा ते दहा त्यांच्या हातात स्टेशन रोडचा झाडू असायचा आणि कचरा टाकायला घंटागाडीमागे पळणं असायचं, म्हणजे सातची बॅच त्यांच्यासाठी नव्हतीच. गुडघा गेलेला. घंटागाडीच्या मागे पळायचं की पुढे बसायचं, एवढाच प्रश्न होता आणि तो त्या बाईच्या उरलेल्या वीस वर्षांचा होता.

मी सरांना म्हटलं, "आवाज बायकांमुळे येत नसला तर?"

"तर बॅच चालू."

"पंधरा दिवस द्या. मी शोधते."

"शोध की. फिजिक्सवाली ना तू," सर टपरीकडे वळून म्हणाले. "रस्त्यावर फॉर्म्युला चालत नसतो, पाय चालतो. पण शोध."

पाच जण पुन्हा हसले. मला ते बरंच वाटलं, कारण 'तर बॅच चालू' हे पाच जणांनी ऐकलं होतं.

मला तेव्हा ब्रेकमधलं पुस्तकातलं एवढंच माहीत होतं की तो गतीची उष्णता करतो. म्हणून मी मला येतं तिथून सुरुवात केली, मोजण्यापासून. रोज चार जणी, प्रत्येकीला अर्धा तास. प्रत्येकीच्या फेरीत मी चाळीस थांबे ठरवून घेतले, त्याच रस्त्याने, त्याच वेगाने, आणि किती वेळा ब्रेक वाजतो ते वहीत लिहिलं. सोमवारी पहिल्या फेरीत चौतीस वेळा वाजला. दुसरीत एकवीस, तिसरीत नऊ, चौथीत चार. मंगळवारी मी क्रम उलटा लावला. चौतीस वेळा वाजवणाऱ्या मालनताई शेवटी बसल्या आणि त्यांच्या हातून तो पाचदा वाजला. आदल्या दिवशीची चौथी, कौसर मुल्ला, मंगळवारी पहिली होती. तिच्या हातून तेहतीसदा. आकडा बाईबरोबर फिरत नव्हता, घड्याळाबरोबर फिरत होता. बायकांचा पाय गाडी बिघडवत असता, तर आवाज दर फेरीला वाढला असता. तो उतरत होता.

कौसर शिवणकाम करायची आणि तिचा जिभेवर ताबा नव्हता. वहीत डोकावून ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, आमी गाडी सुधारतोय. सरांकडनं ह्याचा पगार मागूया."

बुधवारी सर आरटीओत जायचे, त्यामुळे सकाळची बॅच नसायची. त्या बुधवारी पहिल्या फेरीतच ब्रेक फक्त तीनदा वाजला.

मी तो आकडा दोनदा अधोरेखित केला आणि गुरुवारी सकाळची बॅच संपताच, माझ्या बॅचआधी, गाडी भूपालमिस्त्रींच्या गॅरेजला नेली. साठीचा माणूस, पांढरी टोपी, बोलणं कमी. त्यांनी पुढचं चाक काढलं, पॅड बाहेर काढले आणि एक माझ्या हातावर ठेवला. मला वाटलं होतं की पॅड खरखरीत असेल. तो काचेसारखा गुळगुळीत होता. मागे कौसर बसली असती, तर तिने त्यात तोंड बघितलं असतं. ज्या लोखंडी चकतीला तो चावतो, तिच्या कडेला निळसर झाक आली होती.

मी विचारलं की जोरात ब्रेक मारल्याने असं होतं का.

"न्हाई पोरी," मिस्त्री म्हणाले. "मारून पॅड झिजतो. ह्यो झिजलाय कुठं? ह्यो भाजलाय. ब्रेक मारून न्हाई, धरून. जरासा पाय ठिवायचा आन् गाडी पळवायची. पाच मिंटं न्हाई, तास तास. पॅड तापतो, वरनं काच धरतो, पाय धरलेला हाय तवर गप बसतो, सोडून परत दाबला की काच लोखंडावर वरडनारच."

मग माझ्या बॅचमध्ये आवाज कमी का होत जातो, हेही त्यांनी सांगितलं. व्यवस्थित दाबलेला प्रत्येक ब्रेक ती काच थोडी थोडी खरवडून काढत होता. त्यांनी पॅड सपाट फरशीवर पॉलिश पेपर अंथरून घासले, कडा तिरक्या केल्या, पॅड ज्या पिनांवर सरकतो त्या साफ करून त्यांना ग्रीस लावलं, चकती पुसली. वर्षात तिसऱ्यांदा करत होते हे. दरवेळी सर काय सांगून गाडी पाठवतात, असं मी विचारलं. "बायकांनी बिघडवली म्हनत्यात. मला काय, मी गाडीत बसत न्हाई. कोन धरतंय ते तू बघ."

आमच्या शाळेच्या टेबलात कोरोनातलं ताप मोजायचं पिस्तूल पडून होतं. त्याचं बटण दाबून धरलं की ते माणसाऐवजी वस्तूचं तापमान दाखवतं, शंभर अंशांपर्यंत. शुक्रवारी माझ्या बॅचनंतर, चाकाच्या भोकातून चकतीवर धरलं, तर एकसष्ट. शनिवारी सकाळची बॅच आल्या आल्या धरलं, तर यंत्राने आकडा दाखवलाच नाही, नुसत्या दोन रेघा. शंभराच्या पुढे त्याला मोजता येत नव्हतं.

म्हणजे सकाळच्या बॅचमध्ये कुणीतरी ब्रेक धरत होतं. पण कोण? पाचही पुरुष एकाच चुकीत कसे असतील, आणि असले तरी सरांच्या लक्षात कसं येणार नाही? चालकाचा पाय सरांना दिसतो. चालकाला सरांचा पाय दिसत नाही.

रविवारीही सकाळची बॅच असायची. मी सव्वासातला स्कूटरवरून गाडीच्या मागे लागले. मोबाइल हँडलवरच्या होल्डरमध्ये अडकवून व्हिडिओ चालू ठेवला. ब्रेकचं पेडल जरा हललं की मागचा लाल दिवा लागतो. त्याला पाय कुणाचा हे कळत नाही, पेडल खाली आहे एवढंच कळतं. घरी येऊन मी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि सेकंद मोजले. एकवीस मिनिटं चाळीस सेकंदांत दिवा एकोणीस मिनिटं पंचवीस सेकंद लागलेला होता. चालक मध्ये बदलला. दिवा बदलला नाही. गावात सगळ्यांनी तो रोज बघितला असेल. शिकाऊ गाडीचा लाल दिवा लागलेलाच असायचा, त्यात कुणाला काय वाटणार.

सोमवारी पावणेअकराला दोन्ही बॅच समोरासमोर येतात तेव्हा मी वही आणि मोबाइल घेऊन सरांच्या टेबलापाशी गेले. ऑफिसात बोलावून सांगावं असं आई म्हणाली होती. पण आरोप चारचौघांत झाला होता.

मी आकडे वाचून दाखवले. मग व्हिडिओ लावला. सर तो शेवटपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "पोरं घाबरतात. त्यांचा पाय असेल."

"दोघांचाही, सर? आणि गाडी चाळीसने चाललेली असताना?"

"मग काय माझा?"

सरांनी खुर्चीतल्या खुर्चीत आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते, कारण त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की त्यांना माहीत असणार. त्यांना माहीत नव्हतं.

मग ते भडकले. सत्तावीस वर्षं हे काम करतोय, म्हणाले. शहाण्णव साली एकदाच पाय काढला होता, पोरगं उसाच्या ट्रॉलीखाली घुसलं असतं. शेजारी बसणाऱ्याच्या पायावर चार जिवांचा भार असतो, तुला काय कळतंय, काल लायसन काढलेली पोरगी तू.

"लायसन तुमच्याकडेच काढलंय," मी म्हणाले. "पाच वर्षांपूर्वी. तुम्ही म्हणायचात, चौगुले, तुझा ब्रेक लोण्यासारखा. लायसन मिळालं आणि तिसऱ्या दिवशी मी बाबांची गाडी शेजाऱ्यांच्या फाटकात घातली. ब्रेक दाबला होता, पण किती दाबायचा ते पायाला माहीतच नव्हतं. दोन वर्षं बाबांनी किल्लीला हात लावू दिला नाही. मला वाटत होतं, मी शिकलेलं विसरले. सर, मी ती गाडी कधी थांबवलीच नव्हती. दरवेळी तुम्ही थांबवत होता. या पाच जणांनीही अजून एकदासुद्धा ब्रेक मारलेला नाही."

पुरुषांपैकी नेजकर नावाचे एक बँकेतले गृहस्थ हसायला लागले आणि मध्येच थांबले.

सर उभे राहिले. "रविवारी सकाळी बाजार समितीच्या मैदानावर. माझे तीन, तुझ्या तीन. शिक्षकाच्या ब्रेकची तार काढून टाकायची. पंचवीसचा वेग, चुन्याची रेष, रेषेच्या आधी थांबायचं. तुझ्या तिन्ही बायका रेषेच्या अलीकडे अर्ध्या मीटरच्या आत थांबल्या पाहिजेत आणि ब्रेक एकदाही वाजता कामा नये. एक जरी चुकली, तर एक तारखेपासून बॅच बंद, आणि तूही."

अट सरळ नव्हती. पुरुषांचं चुकलं तर काय, ते त्यात नव्हतंच. मालनताईंनी माझी ओढणी मागून हळूच ओढली, नको म्हणून. मी हो म्हणाले. फक्त एवढंच मागितलं की शनिवारी भूपालमिस्त्री पॅड पुन्हा घासतील आणि त्यानंतर गाडी कुणी चालवणार नाही.

त्या आठवड्यात मी बायकांना दुसरं काही शिकवलं नाही. शाळेच्या मागच्या बोळात जायचं, वेग घ्यायचा, थांबायचं. मी माझे पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसायचे, हात मधल्या हँडब्रेकवर. पहिल्या दिवशी मालनताई रस्ता सोडून माझ्या पायांकडेच बघत होत्या.

"मॅडम, पाय खाली घ्या की. माझा जीव वर येतोय."

"येऊ दे. गाडी तुमची आहे."

"गाडी कुठली माझी," त्या म्हणाल्या, पण पुढे बघायला लागल्या.

रविवारी मैदानावर वीसेक माणसं होती. टपरीवाल्याने किटली आणली होती. मिस्त्रींनी सगळ्यांसमोर तार काढून खिशात घातली. मैदान मोकळं होतं, रेषेच्या पुढे साठ मीटर काही नव्हतं. सगळ्या फेऱ्यांना शेजारी मीच बसायचं ठरलं, मांडी घालून, म्हणजे बाहेरूनही दिसावं.

पुरुष आधी. पहिला रेषेच्या तीन मीटर वीस सेंटिमीटर अलीकडे असा थांबला की माझं कपाळ डॅशबोर्डला लागता लागता राहिलं. दुसरा रेष ओलांडून दोन मीटर पंच्याऐंशीवर. तिसरे नेजकर, एक मीटर चाळीस पुढे. गाडी थांबल्यावर ते उतरले नाहीत. पाय पेडलवरून काढून पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मग सर खिडकीशी आले, तेव्हा त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सर, ब्रेक एवढा कडक असतो?"

सर रेषेकडे वळले.

मग बायका. कौसर बसताना गर्दीकडे बघून म्हणाली की कुणाला पाय शिवून घ्यायचे असतील तर रेषेवर उभे राहा. तीस सेंटिमीटर अलीकडे. दुसरी, एका हायस्कूलमधल्या शिपाईबाई, पंचेचाळीस. पाच सेंटिमीटरवर बॅच वाचली होती. ब्रेक वाजला नव्हता.

मालनताई बसल्या. नगरपरिषदेतले त्यांचे दोन सहकारीही आले होते. घंटागाडीसाठी अर्ज केलेले. त्यांतला एक मोठ्याने म्हणाला, "वैनी, झाडू घेतलाय न्हवं बरोबर? रेष पुसायला लागंल."

मालनताईंनी काच खाली केली. "तू हितंच उभा राहा," त्या म्हणाल्या, अजिबात आवाज न चढवता. "चौदा वर्सं घंटागाडीमागं पळाले. आज तू बघ."

काच वर केली. आरसा नीट केला. गाडी हलली. पहिला, दुसरा गिअर. काटा वीसवर गेला, मग पंचवीसवर आला आणि तिथेच राहिला. मी मांडीवरचे हात आवळून धरले होते. चुन्याची रेष बॉनेटच्या कडेकडे येत होती. त्यांना अजून ब्रेक लावायचा नव्हता. मला तोंडाने सांगावंसं वाटलं आणि मी सांगितलं नाही. उजवीकडे, रेषेच्या टोकाला सर उभे होते. त्यांचा उजवा पाय चपलेसकट मातीत दाबला जात होता.

मग मालनताईंनी पाय उचलला आणि ब्रेकवर ठेवला, एकदाच, आणि वाढवत नेला. गाडीचं नाक खाली झुकलं, पुन्हा वर आलं. आम्ही दोघी जराही पुढे फेकलो गेलो नाही. मागे टपरीवाला किटलीचं झाकण लावत होता, ते आत ऐकू आलं.

त्या पुढे बघतच म्हणाल्या, "मॅडम, थांबली न्हवं?"

मी म्हटलं, थांबली.

भूपालमिस्त्रींनी टेपचं एक टोक रेषेवर धरलं. दुसरं टोक त्यांनी सरांकडे दिलं. सर वाकले, बंपरखाली टेप लावला, आणि चष्मा कपाळावर ढकलून आकडा दोनदा बघितला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

रेषेच्या अलीकडे, अकरा सेंटिमीटर.